पद्मिनी की ॲम्बेसेडर? कोष्टकात न सापडणाऱ्या ओळी

आमच्या नोव्हायमध्ये चार मराठी माणसं जमली की त्यातली तीन गाड्यांच्या धंद्यात निघतात. डेट्रॉइटपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं हे उपनगर. आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं. त्यामुळे कोणी ब्रेकवाला, कोणी सीटवाला, कोणी वायरिंगवाला. मी संगणक अभियांत्रिकी शिकून आलेला, गाडीतल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारा. अशा मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक कोष्टक फिरलं. डाव्या रकान्यात प्रीमियर पद्मिनी, उजव्या रकान्यात हिंदुस्थान ॲम्बेसेडर. सीसी, अश्वशक्ती, वजन, लांबी, टॉप स्पीड, सगळं ओळीने मांडलेलं. खाली प्रश्न: बोला मंडळी, कुठली भारी?

मग काय, दोन तट पडले. मुंबई-पुण्याकडचे पद्मिनीच्या बाजूने, साखर कारखान्याच्या पट्ट्यातले ॲम्बेसेडरच्या बाजूने. आमच्या घरातच हे दोन्ही पक्ष नांदत असल्यामुळे मी थोडा वेळ गप्प बसलो. कराडला बाबांकडे १९८४ ची सेकंडहँड पद्मिनी होती आणि मामांकडे कारखान्याच्या लिलावात घेतलेली पांढरी ॲम्बेसेडर. दिवाळीत दोन्ही गाड्या अंगणात उभ्या राहिल्या की दाजी-मेहुण्यांचा हाच वाद चाले. आता या विषयावर जरा सविस्तर लिहावंसं वाटतंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते कोष्टक खोटं नाही, पण अपुरं आहे. त्यातल्या ओळी नीट वाचल्या तर दोन्ही गाड्या जवळपास बरोबरीत सुटतात. त्यांचं खरं मूल्यमापन ज्यावर व्हायला हवं त्या ओळी कोष्टकात नाहीतच. आणि ही फक्त जुन्या गाड्यांची गोष्ट नाही. आज आपण शोरूममध्ये जे कोष्टक वाचून पंधरा-वीस लाख मोजतो, त्यातही एक महत्त्वाची ओळ गायब आहे.

दोन गाड्या, एक डेट्रॉइट

आधी थोडी वंशावळ. पद्मिनीची पाळंमुळं इथल्याच मातीत सापडतात म्हटलं तर आश्चर्य वाटेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि करार केला तो डेट्रॉइटच्या क्रायस्लरशी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी बाहेर पडल्या त्या डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या. फियाटशी सोयरीक नंतरची. १९५४ पासून फियाट ११०० आली. त्या जुन्या गोल पाठीच्या गाडीला मुंबईने 'डुक्कर फियाट' हे नाव बहाल केलं. साठीच्या दशकात '११०० डिलाइट' आली, मग 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं.

ॲम्बेसेडर बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची. मूळ गाडी इंग्लंडची, मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला १९५७ पासून ती ॲम्बेसेडर नावाने बनू लागली आणि मे २०१४ पर्यंत बनत राहिली. इंग्लंडमध्ये मूळ मॉडेल १९५९ लाच बंद झालं होतं. म्हणजे मुलगी आईपेक्षा ५५ वर्षं जास्त जगली.

आता गंमत बघा. २०१७ मध्ये ॲम्बेसेडर हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने विकत घेतलं. २०२१ मध्ये प्यूजोची कंपनी आणि फियाट-क्रायस्लर एकत्र होऊन स्टेलांटिस झाली. तिचं अमेरिकेतलं मुख्यालय ऑबर्न हिल्सला, नोव्हायहून अर्ध्या तासाच्या अंतरावर. पद्मिनीचं माहेर फियाट, प्रीमियरचा पहिला भागीदार क्रायस्लर आणि ॲम्बेसेडर हे नाव विकत घेणारी प्यूजो, तिघंही शेवटी एकाच छपराखाली आली. आमच्या ग्रुपवर ज्या दोन गाड्यांवरून भांडण चाललं होतं, त्यांची घराणी कधीच एक झालीयत.

आता कोष्टकातले आकडे

पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसी, चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन नऊशे किलोच्या घरात. ॲम्बेसेडरचं नेहमीचं पेट्रोल इंजिन १,४८९ सीसी, बोअर ७३ आणि स्ट्रोक जवळपास ८९ मिलिमीटर. शक्ती पन्नासच्या आसपास, वजन अकराशे किलोच्या थोडं वर. दोन्हींना मागच्या चाकांची ओढ, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली.

ॲम्बेसेडरवाले म्हणतात, आमचं इंजिन मोठं, दहा घोडे जास्त. पद्मिनीवाले म्हणतात, आमची गाडी हलकी. दोघंही बरोबर, म्हणून साधा भागाकार करू. एका टनामागे किती अश्वशक्ती? पद्मिनी चाळीस भागिले ०.९, म्हणजे ४४ च्या थोडं वर. ॲम्बेसेडर पन्नास भागिले १.१२, तेही ४४ च्या थोडं वर. घ्या! इतकी वर्षं दाजी-मेहुणे ज्यावर भांडले त्याचं उत्तर बरोबरी.

पण ही झाली रिकाम्या गाडीची गोष्ट, आणि आपल्याकडे रिकामी गाडी होती कुठे? पाच माणसं आणि सामान धरून चारशे किलो टाका. पद्मिनी टनामागे ३१ वर येते, ॲम्बेसेडर ३३ वर. लग्नाला निघालेलं घर धरा, म्हणजे सात माणसं, आहेराची बॅग, लाडवांचे डबे, असे सहाशे किलो. आता पद्मिनी २७ च्या खाली आणि ॲम्बेसेडर २९. जसं ओझं वाढतं तशी ॲम्बेसेडर पुढे सरकते, कारण तिचं स्वतःचं वजन आधीच जास्त असल्याने वरच्या भाराचा वाटा तुलनेने कमी पडतो. मामा जे म्हणायचे, "भरली की माझी गाडी चालायला लागते," त्याला गणिताचा आधार होता.

उलट बाजूही आहे. स्ट्रोक लांब असला की प्रत्येक फेरीत पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असताना पद्मिनीच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १० मीटर, ॲम्बेसेडरचा जवळपास १२. म्हणून ॲम्बेसेडरचं इंजिन सावकाश, खालच्या फेऱ्यांवर ओढायला राजी आणि पिळायला गेलं की कुरकुरणारं. पद्मिनीचं त्या मानाने मोकळं. सिग्नलवरून सुटायचं, बसच्या बाजूने निसटायचं, पुन्हा थांबायचं, हे काम तिला जमायचं.

मापंही तसंच सांगतात. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,३४० मिलिमीटर, ॲम्बेसेडरचं २,४६४. लांबीत पद्मिनी चार मीटरच्या आत, ॲम्बेसेडर ४.३ मीटर. रुंदीत साधारण २० सेंटीमीटरचा फरक. गिरगावच्या गल्लीत वळताना त्या बारा आणि वीस सेंटीमीटरची किंमत ड्रायव्हरला कळते. उंब्रजच्या रस्त्यावर मागच्या सीटवर तीन धिप्पाड माणसं बसली की तेच वीस सेंटीमीटर उलट्या बाजूने बोलतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी पद्मिनी झाली आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सी ॲम्बेसेडर, यात कारखाना कुठे होता याचा वाटा आहेच, पण या मापांचाही आहे.

आकडे वाचताना दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली म्हणजे कुठल्या वर्षीची ॲम्बेसेडर? १९८० च्या सुमारास डिझेल आलं, त्याची शक्ती पेट्रोलपेक्षाही कमी. नव्वदच्या दशकात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, ती तर वेगळीच गाडी झाली. १९६५ ची पद्मिनीची आई आणि १९९५ ची ॲम्बेसेडर समोरासमोर ठेवून जिंकलो म्हणण्यात अर्थ नाही. दुसरी सावधगिरी अश्वशक्ती मोजण्याच्या पद्धतीची. इथे अमेरिकेत १९७२ पर्यंत इंजिन नुसतं टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सर वगैरे जोडण्या काढून शक्ती मोजत आणि तोच फुगीर आकडा जाहिरातीत छापत. १९७२ ला गाडीत बसवल्याप्रमाणे सगळं जोडून मोजायला सुरुवात झाली आणि डेट्रॉइटच्या गाड्यांची शक्ती कागदावर रातोरात घसरली. इंजिन तेच, आकडा वेगळा. त्यामुळे जुन्या कॅटलॉगमधले दोन-चार घोडे इकडेतिकडे झाले तर त्यावरून मैत्री तोडू नये.

नोव्हायचा धडा

कागदावरची शक्ती आणि प्रत्यक्षातली कामगिरी यातला फरक शिकायला आमच्या गावासारखं गाव नाही. 'नोव्हाय' नावाचं एक शर्यतीचं इंजिन होतं. लू वेल्च नावाच्या इथल्या उद्योजकाने ते उभं केलं आणि गावाचं नाव त्याला लावलं. तीन लिटरचं, सुपरचार्जर बसवलेलं व्ही-८, पाचशेच्या घरात अश्वशक्ती. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत या गाडीचा आवाज ऐकायला लोक यायचे म्हणतात. चाळीसच्या दशकापासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती त्या मैदानात उतरत राहिली. आणि शर्यत एकदाही जिंकली नाही. नोव्हाय नाव लावल्यानंतरची सर्वोत्तम कामगिरी १९४८ चा तिसरा क्रमांक. शक्ती अफाट, पण इंधन अफाट लागायचं, टायर झिजायचे, वजन सांभाळायला कठीण आणि मध्येच काहीतरी मोडायचं.

कोष्टकात ती गाडी सगळ्यांच्या वर बसली असती. म्हणजे पहिली ओळ ज्याची मोठी तो जिंकला, असं शर्यतीतसुद्धा होत नाही. मग घरच्या गाडीत कसं होईल?

न लिहिलेली पहिली ओळ: दुरुस्ती

कोष्टकात नसलेली आणि माझ्या मते दोन्ही गाड्यांची सर्वात मोठी ओळ म्हणजे दुरुस्ती.

कुंभार्ली घाटात मे महिन्यात पद्मिनी बंद पडली की बाबा घाबरायचे नाहीत. बॉनेट वर करायचे, पाण्याच्या बाटलीतून फडकं ओलं करायचे आणि पेट्रोल पंपावर ठेवायचे. रस्त्यावरचा नव्हे बरं का, इंजिनला चिकटलेला छोटा पंप. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल सरकत नाही. पंप थंड झाला की गाडी चालू. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट काळे झाले तर पॉलिश पेपरने घासायचे. प्लग काढून ब्रशने साफ करायचे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर काढून फुंकर मारायची. बाबा शाळेत मराठी शिकवायचे, इंजिनिअरिंगशी त्यांचा संबंध नाही. तरी गाडीची पाच-सात दुखणी ते रस्त्यावर बरी करत.

त्यापलीकडचं मिस्त्री करायचे. क्लच प्लेट गेली की सकाळी गाडी गॅरेजला, स्टँडजवळच्या दुकानातून प्लेट आणायची, संध्याकाळी गाडी दारात. मामांची ॲम्बेसेडर तर याबाबत आणखी उदार. इंजिन बोअर करून घ्या, पाटा तुटला तर लोहाराकडे जा. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारा. सासवड असो की सावंतवाडी, जिथे गॅरेजची पाटी तिथे या दोन्ही गाड्यांचा डॉक्टर होता. कुठल्याही कंपनीने त्याला पासवर्ड दिलेला नव्हता, कारण मागायची गरजच नव्हती. त्याचं ज्ञान त्याच्या हातात होतं आणि ते त्याने उस्तादाकडून घेतलं होतं.

या एका ओळीवर किती संसार उभे होते याचा विचार करा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. उत्पादन थांबल्यानंतरही दोन दशकं, मुंबईच्या पावसात आणि खड्ड्यांत, दिवस-रात्र चालणारी ही गाडी ज्याच्या हातात होती त्याच्या खिशाला तिची दुरुस्ती परवडत होती. नाहीतर टॅक्सीचा धंदा टिकलाच नसता. चाळीस अश्वशक्तीपेक्षा हा आकडा मला मोठा वाटतो.

दुसरी आणि तिसरी ओळ, ज्या आपल्याला आवडत नाहीत

इथवर वाचून काही जण म्हणतील, "बघा, जुनं ते सोनं!" थांबा. न लिहिलेल्या ओळी काढायच्याच तर सगळ्या काढू.

दुरुस्त करता येत होती हे खरं. दुरुस्त करावी लागत होती हेही खरं. फडकं ओलं करण्याचं कौतुक मी आज नोव्हायच्या वातानुकूलित खोलीत बसून करतोय. तेव्हा घाटात दोन लहान मुलं घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या आईला विचारा. ती अजूनही म्हणते, "तुमच्या पद्मिनीची आठवण काढू नका माझ्यासमोर."

दुसरी ओळ सुरक्षिततेची. आमच्या पद्मिनीत मागे पट्टे नव्हते. एअरबॅग, एबीएस हे शब्दही आपल्या शब्दकोशात नव्हते. स्टिअरिंगचा दांडा सरळ चालकाच्या छातीकडे रोखलेला. "काय पत्रा होता हो, आताच्या गाड्या म्हणजे डबे!" हे वाक्य मी इथे अभियंत्यांच्या तोंडूनही ऐकतो तेव्हा नवल वाटतं. पुढचा भाग चेपला जातो तो धक्क्याची ऊर्जा शोषण्यासाठी. पत्रा चेपला नाही तर तो धक्का माणसाला बसतो. जाड पत्र्याने गाडीचा मान राखला, माणसाचा राखला असं म्हणता येणार नाही. धुराचंही तेच. शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. त्याआधी या गाड्यांच्या मागे चालणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या पोरांनी काय श्वासात घेतलं, त्याची ओळ कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हती.

तिसरी ओळ निवडीची. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९५७ ची शेव्हरोले, १९६४ नंतरच्या मस्टँग, सत्तरच्या दशकातल्या धिप्पाड गाड्या तासन् तास संथपणे जात असतात. इथले म्हातारे नुसते मागचे दिवे बघून गाडी कुठल्या साली बनली ते सांगतात, कारण दरवर्षी काहीतरी बदलायचं. आपल्या डिलाइट आणि शेवटच्या पद्मिनीचे फोटो शेजारी ठेवा. जाळी बदलली, दिवे बदलले, अंग तेच. का? कारण गाडी किती बनवायची हेही सरकारी परवान्यावर ठरायचं आणि गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं. रांग असताना गाडी सुधारण्याची घाई कोणाला असेल? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. शक्ती पद्मिनीच्या आसपासच, पण वजन दोन-अडीचशे किलोंनी कमी. मग लोकांना कळलं की टनामागे ४४ हा काही निसर्गनियम नव्हता.

तेव्हा या दोन गाड्यांवर प्रेम जरूर करावं. पण पर्याय नसणं हा त्यांचा गुण मानू नये. आपल्या वाडवडिलांनी त्या गाड्या निवडल्या नव्हत्या. ज्या मिळाल्या त्या सांभाळल्या. कौतुक करायचं तर त्या सांभाळण्याचं आणि सांभाळू देणाऱ्या साध्या बांधणीचं.

आजच्या गाडीचं काय?

आता माझ्या पोटापाण्याच्या विषयावर येतो. मागच्या वर्षी आय-९६ हायवेवर खडा उडून माझ्या गाडीची पुढची काच तडकली. काच बदलणं हे तासाभराचं काम. पण काचेमागे कॅमेरा असतो, तो समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावतो. काच बदलली की त्या कॅमेऱ्याला पुन्हा शिकवावं लागतं की समोर म्हणजे नेमकं कुठे. गल्लीतल्या काचवाल्याकडे त्याचं उपकरण नव्हतं, परवानगीही नव्हती. मला अधिकृत केंद्रातच जावं लागलं आणि कॅमेऱ्याचं बिल काचेच्या तोडीस तोड आलं.

हे सगळं कट-कारस्थान आहे असं मी म्हणणार नाही, कारण असलं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहितो. कॅमेरा एका अंशाने तिरका बसला तरी ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो. तिथे पॉलिश पेपर चालत नाही. पण काळजी म्हणून लावलेलं कुलूप आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी लावलेलं कुलूप बाहेरून सारखंच दिसतं. फरक ओळखायचा कसा? तर कुलपाची किल्ली पात्र मिस्त्रीला योग्य दरात मिळते का, ते बघायचं. दिवा बदलल्यावर तो गाडीने "ओळखावा" म्हणून कंपनीच्या संगणकाची संमती लागत असेल, तर त्यात सुरक्षितता किती आणि दुकानदारी किती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तो इथे विचारला गेलाय. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या गाडीला दोष वाचण्याचं एकसारखं सॉकेट सक्तीचं आहे. त्यामुळे स्वस्तातलं यंत्र जोडून कोणीही दोषाचा कोड वाचू शकतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गाडी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. भारतातही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचा समावेश आहे. पाऊल चांगलं आहे, पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि शोरूममध्ये गाडीच्या काचेवर ती लिहिलेली असणं वेगळं.

कारण कोष्टकातल्या ओळी आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी मागणी करतं तेव्हा त्या येतात. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील असलेला कागद चिकटवण्याची सक्ती १९५८ च्या कायद्याने आली. त्याआधी विक्रेता तोंडाला येईल ती किंमत सांगे. पुढे त्याच कागदावर मायलेजची ओळ आली, मग सुरक्षिततेचे तारे आले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आलं आणि आता माझा पुण्यातला मावसभाऊ गाडी घेताना आधी विचारतो, "किती स्टार?" दहा वर्षांपूर्वी तो फक्त "किती देते?" एवढंच विचारायचा. म्हणजे ओळ छापली की प्रश्न बदलतो आणि प्रश्न बदलला की कंपनी बदलते.

फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यावर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. गाडीला ते का नकोत? माझी मागणी साधी आहे. गाडीच्या कोष्टकात आणखी चार आकडे द्या. सुटे भाग किती वर्षं मिळतील? सॉफ्टवेअर किती वर्षं सांभाळणार? बंपर, दिवा, काच, बॅटरी या नेहमीच्या चार दुरुस्त्यांचा छापील खर्च किती? आणि बाहेरच्या गॅरेजला त्यासाठीची माहिती आणि उपकरणं मिळणार की नाही?

हे आकडे आले तर पद्मिनीचं ओलं फडकं परत येणार नाही, यायलाही नको. पण कराडच्या मिस्त्रींचा मुलगा, जो आज लॅपटॉप घेऊन गॅरेज चालवायला तयार आहे, त्याला धंद्यात जागा राहील. विजेवरच्या गाड्या येतायत. त्यांत पॉइंट नाहीत, प्लग नाहीत, कार्बोरेटर नाही. दुखणी कमी असतील, पण जी असतील ती जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर आणि बॅटरीच्या कुलपामागे असतील. ही ओळ आत्ता मागितली नाही तर पुढच्या वीस वर्षांत टॅक्सीवाल्याची गाडी त्याची राहील, पण ती चालू ठेवणं त्याच्या हातात राहणार नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की अश्वशक्ती विचारा, मायलेज विचारा, स्टार तर विचाराच. आणि मग त्या चकचकीत कोटातल्या मुलाला शांतपणे आणखी एक प्रश्न विचारा: "ही गाडी दहा वर्षांनी आमच्या गावात कोण दुरुस्त करेल?" त्याला उत्तर देता आलं नाही तरी हरकत नाही. असा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की उत्तर वरून छापून येईल.